टरफले कोणी उचलायची?

(दापोली येथील स्मृतिव्याख्यानमालेतील दुसरे पुष्प)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शिक्षक होते, आणि समोर बसलेल्यांतही शिक्षक बरेच दिसत आहेत. म्हणून शिक्षकांच्या खोलीत रोज निघणारा आणि व्यासपीठावर क्वचित येणारा विषय आज घेतो. वर्ग उधळून लावणाऱ्या मुलाचे करायचे काय? मधल्या सुट्टीत चहाचा पेला हातात घेऊन आपण एकमेकांना त्याचे नाव सांगतो. ‘अमक्याने आज पुन्हा...’ एवढे म्हटले की पुढचे वाक्य पुरे करावे लागत नाही. प्रत्येक शाळेत असे एखादे नाव असते, आणि जूनमध्ये वर्ग वाटून देताना ‘तो कोणाकडे गेला?’ हे सगळे आधी बघतात.

सुरुवात आपल्याच तालुक्यातल्या घराण्यापासून करतो. लोकमान्यांचे मूळ गाव चिखलगाव. शेंगांच्या टरफलांची त्यांच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट इथल्या पहिलीतल्या मुलालाही येते. वर्गात टरफले पडलेली, मास्तर सगळ्यांना ती उचलायला सांगतात, आणि बाळ टिळक म्हणतात, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही. दर १ ऑगस्टला ही गोष्ट आपण टिळकांचे तेज दाखवण्यासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मी शिक्षक असल्यामुळे माझी नजर त्या मास्तरांकडे जाते. त्यांच्यापुढे काय होते? घाण झालेला वर्ग, गप्प बसलेली मुले आणि सुरू करायचा राहिलेला धडा. कोणी खाल्ल्या हे कळायला मार्ग नाही. शोधत बसायला वेळ नाही. मग तुम्ही-आम्ही जे करतो तेच त्यांनी केले: शिक्षा सगळ्या वर्गाला वाटून टाकली.

त्याचा परिणाम पाहा. ज्यांनी शेंगा खाल्ल्या ते मनातून सुटले, कारण त्यांच्या वाट्याची शिक्षा आता चाळीस जणांत विभागली गेली. ज्यांनी खाल्ल्या नव्हत्या त्यांनी मान खाली घालून टरफले उचलली आणि शाळेत न्याय कसा मिळतो हे ते त्या दिवशी शिकले. आणि मास्तरांचे भांडण लागले कोणाशी? वर्गातल्या सर्वांत खऱ्या मुलाशी. शेंगा खाणारे बाजूलाच राहिले; पुढे त्यांची कोणाला आठवणही झाली नाही. गोंधळ करणाऱ्याला शोधायचा कंटाळा केला की शिक्षक भलत्याच मुलासमोर उभा राहतो. ‘ज्याने शिटी मारली त्याने उभे राहा, नाहीतर सगळा वर्ग सुट्टीत बसेल’ ही आपली धमकी त्याच जातीची आहे. ती फार तर एकदा लागू पडते. दुसऱ्यांदा शिटी मारणाऱ्यालाच तिची मजा वाटू लागते.

आता याच मातीतल्या दुसऱ्या नावाकडे येतो. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९. इंग्रजी शाळेसाठी ते या दापोलीत राहिले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले. साने गुरुजी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हळवा, रडवेला माणूस येतो आणि ‘ते जमले त्यांना, आमच्या नववी ‘क’मध्ये आले असते तर कळले असते’ असे आपण म्हणतो. मला हे बोलणे मान्य नाही.

पहिली गोष्ट, त्यांनी स्वतःला गुणी बाळ म्हणून कधी रंगवले नाही. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहून झाले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला श्याम हट्टी आहे, भित्रा आहे, पुस्तकाच्या मोहाने पैसे चोरतो. पोहायला जायच्या भीतीने तो लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने झोडपून विहिरीकडे पाठवते. छडीची बाजू घेणारे हा प्रसंग हमखास काढतात: गुरुजींनाही मारच उपयोगी पडला की! त्यांना मी एवढेच सांगेन, की त्या माराच्या मागे जन्मापासूनची माया होती. आई सकाळी मारते आणि दुपारी तीच जेवायला वाढते. चाळीस मिनिटांच्या तासाला येऊन पुढच्या वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाजवळ अशी पुंजी नसते. आपण मारतो तेव्हा मुलाकडे आपला तेवढाच हिशेब शिल्लक राहतो. छडीवरचे जे गाणे महाराष्ट्राला पाठ आहे तेही आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातले. त्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पण गाणे लोकांच्या तोंडी राहिले आणि ज्याच्या पुस्तकावरून चित्रपट निघाला त्या शिक्षकाचे काम पुस्तकातच राहिले.

ते काम अमळनेरचे. १९२४ मध्ये गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत पडण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे उणीपुरी सहा वर्षे. छात्रालयात खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली मुले. घरची शिस्त मागे राहिलेली आणि नवी अजून लागलेली नाही, अशा वयातली. सकाळी खोल्यांची काय अवस्था असेल याची कल्पना ज्याने वसतिगृह पाहिले आहे त्याला करता येईल: अंथरुणे तशीच पसरलेली, ओले धोतर खुंटीवर, तांब्याला आतून हिरवट थर, कोपऱ्यात केर. रागावणारा गृहपती अशा वेळी दारात उभा राहून हजेरी घेतो. गुरुजींनी केले ते असे: मुले शाळेत गेली की ते खोलीत शिरायचे. केर काढायचे, अंथरुणांच्या घड्या घालायचे, तांबे घासून पालथे ठेवायचे, कपडेही धुऊन टाकायचे. मुले परत यायची तेव्हा खोली लखलखीत, आणि कोणी काही बोलत नाही. हे सारे कोण करते हे कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर ते काम गुरुजींना करू द्यायला मुले तयार होईनात.

ही हकिगत तुम्ही ऐकलेली असेल. तिच्यापेक्षा मला मोलाची वाटते ती कमी सांगितली जाणारी गोष्ट, ‘छात्रालय दैनिक’. गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. छात्रालयात काय चालले आहे, जगात काय चालले आहे, कोणी काय चांगले केले, कोठे चुकले. विचार करा, दररोज एका घराविषयी लिहायचे तर त्या घरातल्या प्रत्येक मुलाकडे दररोज पाहावे लागते. कोण आज जेवला नाही, कोणाचे पत्र आले नाही, कोण दोन दिवस खिडकीशी बसून आहे. ज्या मुलाकडे असे रोज पाहिले जाते त्याला आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी बाक आपटावा लागत नाही. गुरुजींचा हळवेपणा आपण उचलला आणि त्यांची टेहळणी सोडून दिली. माझ्या मते त्यांची शिस्त टेहळणीत होती.

मात्र इथे एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. शिक्षकाने साने गुरुजी व्हावे अशी अपेक्षा मी करत नाही. ती अन्यायाची आहे. गुरुजी एकटे होते, मुलांतच राहत होते. आजच्या शिक्षकाला घर आहे, दिवसाला सहा-सात तास आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, मतदारयाद्या आहेत, ऑनलाइन भरायचे रकाने आहेत. शिवाय गुरुजींची रीत लाजेवर चालते. मुलाला तुमच्याविषयी काही वाटत असेल तरच तुम्ही घासलेला तांब्या पाहून त्याला लाज वाटणार. जो मुलगा कोणावरच विश्वास टाकायला तयार नाही त्याच्यापुढे तुम्ही दहा तांबे घासले तरी तो अकराव्या दिवशी तुम्हालाच पुढचा तांब्या आणून देईल. म्हणून त्याग बाजूला ठेवू आणि पाहणे तेवढे घेऊ.

या पाहण्याला दूरच्या एका माणसाची साक्ष आहे. जेकब कूनिन हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे मानसशास्त्रज्ञ. एकदा त्यांच्या व्याख्यानात मागे बसलेला विद्यार्थी उघडपणे वर्तमानपत्र वाचत होता. कूनिननी त्याला झापले. त्याने पेपर मिटला, पण कूनिनना चमत्कारिक वाटले ते बाकीच्यांचे वागणे. ज्यांना कोणी काही बोलले नव्हते तेही ताठ झाले, माना वह्यांत खुपसल्या, वर्गावर दडपण आले. एकाला बोलले की ते सगळ्यांना लागते. हा धागा धरून त्यांनी पुढे कित्येक वर्गांचे चित्रीकरण केले आणि १९७० मध्ये निष्कर्ष पुस्तकात मांडले. ज्यांचे वर्ग सुरळीत चालतात ते शिक्षक गोंधळ झाल्यावर काही वेगळे बोलत असतील, वेगळी शिक्षा करत असतील, असे त्यांना वाटले होते. तसे काही निघाले नाही. गोंधळ झाल्यानंतर चांगले आणि वाईट शिक्षक जवळपास सारखेच वागत होते. फरक होता तो आधीच्या मिनिटांत. चांगल्या शिक्षकाचे एकाच वेळी फळ्याकडे आणि शेवटच्या बाकाकडे लक्ष असे, आणि मुलांनाही ते ठाऊक असे. एक काम संपवून दुसरे घेताना त्याच्या वर्गात रिकामी फट राहत नसे. खोडीची सुरुवात झाली की तो योग्य मुलालाच आणि योग्य वेळी अडवत असे. टरफलांच्या मास्तरांचे नेमके इथेच चुकले होते.

आता आपल्याकडच्या वर्गात येऊ. हर्णैचा, आठवीतला मुलगा धरा. सप्टेंबर महिना. जून-जुलैची बंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या आहेत. तो पहाटे बंदरावर बर्फ फोडून, टोपल्या उचलून, अंघोळ करून एसटीने शाळेत आला आहे. चौथा तास गणिताचा. मागून कर्कटकाने बाकावर ठकठक सुरू होते. पहिल्या ठकठकीला दोघे हसतात, दुसरीला सहा.

शिक्षक फळ्याजवळून ओरडू शकतात: ‘ए, उभा राहा! लाज वाटत नाही?’ त्या क्षणी काय होते? चाळीस डोळ्यांच्या जोड्या त्या मुलाकडे वळतात. चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यात मोठी भीती मित्रांपुढे हलके पडण्याची असते. मार त्यापुढे काहीच नाही. तो खाली मान घालून बसला तर मित्र त्याला सोडणार नाहीत, आणि उलट बोलला तर तुम्ही सोडणार नाही. तो उलट बोलणेच पसंत करतो, कारण मित्रांबरोबर त्याला रोज बंदरावर जायचे आहे. गणित तिथेच राहते आणि मानापमानाचा खटला उभा राहतो.

आणि दुसरे शिक्षक. ते समीकरण सोडवता सोडवताच फळ्यापासून निघतात. वाक्य मध्ये तुटू देत नाहीत. चालत मागच्या बाकाशी येतात, त्याच्या वहीचे पान उलटून योग्य गणितावर बोट ठेवतात आणि तिथेच उभे राहून पुढची पायरी सांगतात. ठकठक थांबते. वर्गाला काही घडल्याचे कळतही नाही. तास संपल्यावर ‘थांब जरा, हे नकाशे कपाटात लावायचे आहेत, हात लाव’ म्हणून त्याला ठेवून घेतात. दोघे नकाशे गुंडाळत असतात. समोरासमोर बसवून ‘बोल, तुझी अडचण काय?’ असे विचारले तर कोकणातला मुलगा तोंड उघडणार नाही. हाताला काम दिले आणि नजर कामावर असली की बोलतो. ‘आज किती वाजता उठलास रे?’ एवढा प्रश्न पुरतो.

यात कपाटातले नकाशे महत्त्वाचे आहेत. समजूत घालणे ही एकांतातली आणि कामाच्या आडोशाने करायची गोष्ट आहे. आपण उलटे करतो: चांगले काही केले की कार्यालयात बोलावून हळूच शाबासकी देतो आणि चुकले की प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभे करतो.

वर्गाबाहेर उभे करण्याविषयी बोललेच पाहिजे. ही शिक्षा इतकी सवयीची झाली आहे की ती आपल्याला शिक्षाच वाटत नाही. ज्या मुलाला गणित येत नाही म्हणून तो ठकठक करतो त्याला गणिताच्या तासाला बाहेर काढले, की उद्या त्याला ते आणखी कमी येणार आणि ठकठक वाढणार. शिवाय व्हरांड्यात त्याला हवे ते सगळे मिळते: मोकळी हवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष आणि न येणाऱ्या गणितापासून सुटका. त्रास देणाऱ्या मुलांच्या वह्या एकदा जरूर चाळून पाहा. अनेकांच्या दंग्याची सुरुवात वाचन मागे पडले त्या इयत्तेपासून झालेली आढळेल. आठवीत नीट वाचता न येणारा मुलगा ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘दादा’ म्हणवून घेणे पत्करतो.

पालकांना बोलावून आणण्याचेही तसेच. इथल्या कित्येक घरांत आईवडील मुंबईला, विरार-नालासोपाऱ्याला, आणि पोरगे गावी आजीजवळ. ‘पालकांना घेऊन ये’ म्हटले की आजी येते. डोंगर उतरून, वहाणा दाराबाहेर काढून येते आणि हात जोडून म्हणते, ‘गुर्जी, हाणा त्याला, मी काय बोलनार नाय. तुमीच काय ता बघा.’ त्या बाईला मान खाली घालायला लावून आपण काय मिळवले? मुलाने तिचे जोडलेले हात पाहिलेले असतात आणि ते तो विसरत नाही. घरचा माणूस शाळेत यायचाच असेल तर पहिल्यांदा एखाद्या चांगल्या कारणासाठी यावा. एकदा आपणच त्या घरी गेलो तर फारच उत्तम.

आता कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते, आणि कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिक्षक म्हणतात, आमच्या हातातली छडी काढून घेतली आणि दुसरे काहीच दिले नाही. ही तक्रार खरी आहे. पाठाचे टाचण कसे काढावे हे आपल्याला शिकवले गेले; पेटलेला वर्ग दोन मिनिटांत शांत कसा करावा, हे कोणी हाताला धरून दाखवले नाही. पण त्यामुळे कायदा चुकीचा ठरत नाही. काढून घेतले ते योग्यच होते; जे द्यायचे राहिले ते आता मागून घेतले पाहिजे.

नवख्या शिक्षकांनी गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ त्यासाठी वाचावे. मूळ गुजराती, पण मराठीत मिळते. त्यातले लक्ष्मीराम मास्तर मोठ्या उमेदीने चौथीच्या वर्गात जातात, पहिल्या दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ खेळून घ्यायला बघतात आणि पुरते फसतात. मुले ओरडतात, हसतात, हाताला लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर शिस्तीचे नाव काढत नाहीत आणि गोष्ट सुरू करतात. शांतता मागून मिळाली नव्हती, ती गोष्टीच्या मागे आपोआप आली.

एक आक्षेप मात्र मी मनावर घेतो. काही मुले फक्त ठकठक करत नाहीत. ती दुसऱ्याला मारतात, मुलींची छेड काढतात, लहानांकडून पैसे उकळतात. तिथे नकाशे गुंडाळत बसायला वेळ नसतो. ज्याला मार बसला आहे त्याच्या बाजूला शिक्षकाने त्याच क्षणी उभे राहिले पाहिजे, सगळ्यांच्या देखत. समजुतीच्या नावाखाली दुबळ्या मुलाला वाऱ्यावर सोडणे हा दुसरा अन्याय आहे. पण इथेही हुकूम एकट्याने द्यायची गरज नाही. वॉर्साच्या अनाथालयात यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी मुलांचे न्यायालय चालवले होते. मुलेच न्यायाधीश, तक्रार कोणावरही करता येई, शिक्षकावरसुद्धा, आणि कोर्चाक स्वतःही त्यापुढे उभे राहिले होते. त्यांच्या संहितेतली बहुतेक कलमे क्षमेची होती. कडक शिक्षेची अगदी थोडी, शेवटी. याच अनाथालयात जुलै १९४२ मध्ये मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक केले आणि पुढच्याच महिन्यात नाझींनी मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत, त्यांच्याबरोबरच गेले. एवढ्या भीषण काळात ज्यांना मुलांच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवता आला, त्यांच्याकडून आपल्या बालसभांनी थोडे शिकायला हरकत नाही. नियम मुलांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीला ठरवले असतील तर ते मोडणाऱ्याला ‘सरांनी डूख धरला’ असे म्हणता येत नाही.

आज इथे संस्थाचालक आणि मुख्याध्यापकही आले आहेत, म्हणून शेवटचे बोलणे त्यांच्याशी. अवघड वर्ग नेहमी नव्या, कंत्राटी, दबलेल्या शिक्षकाच्या गळ्यात मारू नका. तो सर्वांत अनुभवी माणसाला द्या. वर्गशिक्षकाला आठवड्यात एक तास मुलांच्या घरी जाण्यासाठी मोकळा ठेवा आणि तो तास बदलीच्या तासात गिळू नका. वर्ग आवरला नाही म्हणून मदत मागणाऱ्या शिक्षकाला नालायक ठरवू नका, नाहीतर तो मदत मागायचे सोडून हात उगारायला शिकेल.

आणि शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की मधल्या सुट्टीत ज्याचे नाव सर्वांत आधी निघते त्या मुलाच्या घरी पहिल्या पंधरवड्यात जाऊन या. तक्रार घेऊन जाऊ नका. त्याची आजी चहा करील, तो घ्या, आणि तो पहाटे किती वाजता उठतो ते तिला विचारा.